भुक्ती आणि आगम : शेतवाटेच्या वहिवाटीपासून सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगपर्यंत

धागा.

परभणी जिल्ह्यात शेतवाटेचा तंटा तहसील कार्यालयात पोहोचला की सुरुवातीलाच काही प्रश्न विचारले जातात. या वाटेने आजवर कोण जात होते? बैलगाडी जात होती की नुसता माणूस? बारमाही, की फक्त पेरणी-सुगीच्या दिवसांत? मग जागेवर पंचनामा होतो, शेजारचे खातेदार जबाब देतात आणि वाट मोकळी करायची की नाही याचा निर्णय होतो. या साऱ्याला मराठीत एकच नेमका शब्द आहे : वहिवाट. जे चालत आले, ते चालू द्यावे.

हाच न्याय गेली काही दशके वेगळ्याच दारावर लावला जात आहे. सातबाऱ्याचा उतारा देणारे संकेतस्थळ असो वा विद्यापीठाच्या निकालाचे, त्यामागील सर्व्हर आपल्या दारात आलेल्या प्रत्येक विनंतीची एक ओळ लिहून ठेवतो. या नोंदवहीला ॲक्सेस लॉग म्हणतात. जुन्या नोंदी वाचायच्या, नेहमीच्या वाटा ओळखायच्या, त्यांची परवानगी-यादी करायची आणि यादीबाहेरचे सारे दारातच अडवायचे, अशी ही पद्धत. इंग्रजीत या यादीला पूर्वी व्हाइटलिस्ट म्हणत, आता अलाउलिस्ट हा शब्द रुळला आहे. वरकरणी ही सोपी युक्ती दिसते. तिच्या पोटात मात्र धर्मशास्त्राच्या टीकाकारांनी नऊशे वर्षांपूर्वी सोडवायला घेतलेला एक पेच दडलेला आहे.

प्रथम नोंदवहीचा जन्म. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत वेब उभे केले, तेव्हा सुरक्षिततेची चिंता कोणाच्या मनात फारशी नव्हती. १९९३ च्या सुमारास अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए केंद्रात रॉब मॅकूल यांनी लिहिलेला सर्व्हर लोकप्रिय झाला आणि त्याच्यासोबत नोंदीचा एक साचाही रूढ झाला. सात रकाने : विनंती करणाऱ्या यंत्राचा पत्ता, त्याची ओळख, वापरकर्त्याचे नाव, वेळ, विनंतीची मूळ ओळ, उत्तराचा क्रमांक आणि पाठवलेल्या बाइटांची संख्या. (सातबाऱ्यातील साताशी या साताचा काही संबंध नाही.) १९९५ मध्ये आलेल्या अपाची सर्व्हरने हाच साचा उचलला आणि तो जगभर गेला. हेतू साधा होता. किती जण आले, काय पाहून गेले, कोणती पाने सापडली नाहीत, हे मोजायचे. ही वही पुढे पहारेकऱ्याच्या हाती जाईल, असे तिच्या कर्त्यांनी योजलेले नव्हते.

पहारा बसवण्याचे दोन मार्ग असतात. एक, वाईट माणसांची यादी करून त्यांना अडवणे. दुसरा, ओळखीच्यांची यादी करून बाकी सर्वांना अडवणे. जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मधील आपल्या गाजलेल्या निबंधात दुसऱ्या मार्गाचा पुरस्कार केला. प्रवेशाचा निर्णय परवानगीवर आधारावा, मनाईवर नव्हे, असे त्यांचे तत्त्व होते आणि त्याचे श्रेय त्यांनी १९६५ मध्ये ते सुचवणाऱ्या ई. ग्लेझर यांना दिले. कारण उघड आहे. परवानगी द्यायला विसरले तर तक्रार येते आणि चूक दुरुस्त होते. मनाई करायला विसरले तर कोणीच तक्रार करत नाही. चोर तर नाहीच नाही.

तत्त्व पटण्यासारखे असले तरी वेबवर पहिली अनेक वर्षे पहिलाच मार्ग चालला. ज्ञात हल्ल्यांच्या खुणा जमवायच्या आणि तशी खूण दिसली की अडवायचे. १९९८ च्या अखेरीस फ्रॅक या हॅकरांच्या नियतकालिकात एसक्यूएल इंजेक्शनच्या तंत्राची जाहीर चर्चा झाली. अर्जाच्या रकान्यात नाव लिहिण्याऐवजी डेटाबेसला द्यायची आज्ञाच लिहायची, असे हे तंत्र. त्याची रूपे इतकी होती की खुणांची यादी कधी पुरी होणारच नव्हती.

मग जुलै २००१ उजाडला. कोड रेड नावाचा किडा मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरमधील एका दोषातून शिरत असे. १९ जुलैच्या दिवशी चौदा तासांच्या आत त्याने ३,५९,००० हून अधिक संगणक ग्रासले. अपाची सर्व्हरांना त्याची बाधा होत नव्हती. पण त्यांच्या वह्यांत तो उमटत होता : एका फाइलची मागणी आणि तिच्यापुढे ‘एन’ या एकाच अक्षराची लांबच लांब रांग. जगभरच्या व्यवस्थापकांनी त्या आठवड्यात आपापल्या ॲक्सेस लॉगमध्ये त्याच ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. नोंदवही साक्षीदार होऊ शकते, हे त्यातून दिसले. आणखीही एक गोष्ट दिसली, तिच्याकडे मात्र कमी जणांचे लक्ष गेले. त्या दिवसांतील वहीवरून कोणी ‘नेहमीच्या’ विनंत्यांची यादी केली असती, तर हल्ल्याची ओळ त्या यादीत मानाने बसली असती. वारंवारता हीच पात्रता मानली तर किडा सर्वांत पात्र पाहुणा ठरतो.

नोंदीवरून सवय ओळखण्याचा विचार त्याआधीचा आहे. जेम्स अँडरसन यांनी १९८० मध्ये संगणकाच्या नोंदी तपासून घुसखोर शोधण्याची कल्पना मांडली. १९८७ मध्ये डोरोथी डेनिंग यांनी तिला गणिती रूप दिले. १९९६ मध्ये न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या स्टेफनी फॉरेस्ट आणि सहकाऱ्यांनी शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीचा दृष्टान्त घेऊन प्रोग्रॅमला ‘स्व’ आणि ‘पर’ शिकवण्याचा प्रयोग केला. वेबच्या वहीवर हा विचार नेमकेपणाने उतरला तो २००३ मध्ये. सांता बार्बरा येथील क्रिस्टोफर क्रुगेल आणि जोव्हानी विन्या यांनी सर्व्हरच्या नोंदींतून प्रत्येक पानाच्या विनंतीचे रूप शिकणारी पद्धत प्रसिद्ध केली. तपासणीसाठी त्यांच्याजवळ दोन विद्यापीठांच्या नोंदींसोबत गूगलच्या सर्व्हरच्या नोंदीही होत्या. एखाद्या रकान्यातील मजकूर नेहमीपेक्षा किती लांब असला म्हणजे संशय घ्यावा, हे ठरवायला त्यांनी एकोणिसाव्या शतकातील रशियन गणिती चेबिशेव्ह यांची असमानता वापरली.

प्रत्यक्ष नियम कसा तयार होतो, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. वहीत अशा ओळी आहेत : ‘/उतारा?तालुका=सेलू&गट=१२४’, ‘/उतारा?तालुका=पालम&गट=७’, ‘/उतारा?तालुका=मानवत&गट=३१०’. प्रथम ज्या विनंत्यांना सर्व्हरने नकार दिला त्या वगळल्या जातात. उरलेल्या एकाच मार्गाच्या विनंत्या एकत्र येतात. ‘तालुका’ या रकान्यात हजारो ओळींत मिळून नऊच मूल्ये दिसली, तर ती नऊ नावे जशीच्या तशी यादीत जातात. परभणी जिल्ह्याचे तालुके नऊच आहेत, तेव्हा इथे यंत्राचा अंदाज वस्तुस्थितीशी जुळला. ‘गट’ या रकान्यात मात्र असंख्य आकडे आहेत. त्यांची यादी करणे व्यर्थ, म्हणून नियम होतो : फक्त अंक, चारपेक्षा अधिक नकोत. आता कोणी गट क्रमांकाच्या जागी डेटाबेसची आज्ञा लिहिली तर ती अंक नसल्यामुळे दारातच थांबते. हल्ल्याचे नाव माहीत असण्याची गरजच उरत नाही. या पद्धतीचे खरे सामर्थ्य ते हेच.

आणि खरी अडचणही इथेच आहे. तीन ओळींवरून ‘कोणतेही चार अंक’ इथवर उडी घेण्याचा अधिकार यंत्राला कोणी दिला? गट क्रमांकापुढे तिरकी रेघ देऊन पोटहिस्सा लिहिणारा खातेदार अजून आलेलाच नसेल तर? नियम आखूड केला तर खरा माणूस अडतो, सैल केला तर चोर सुटतो. मार्क गोल्ड यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले की केवळ होकारार्थी उदाहरणे मिळत असतील, तर साध्यासाध्या भाषांच्या वर्गांतही नेमका नियम शिकता येईलच अशी हमी देता येत नाही. ॲक्सेस लॉगमध्ये आलेल्यांचीच नोंद असते. न आलेल्यांपैकी कोणाचा हक्क होता आणि कोणाचा नव्हता, यावर वही मौन पाळते.

या मौनाचा विचार भारतीय व्यवहारशास्त्राने फार पूर्वी केला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीने वादात मानुष प्रमाणे तीन मानली : लिखित, भुक्ती आणि साक्षी. भुक्ती म्हणजे प्रत्यक्ष भोगवटा. मालकाच्या डोळ्यांदेखत, त्याने हरकत न घेता दुसऱ्याने वीस वर्षे जमीन भोगली, तर मालकाची हानी होते, असे ही स्मृती सांगते. जंगम मालमत्तेसाठी मुदत दहा वर्षांची. ॲक्सेस लॉगवरून यादी करणारे यंत्र नकळत याच वचनावर उभे असते. फक्त त्याची मुदत वीस वर्षांऐवजी काही आठवड्यांची असते.

बाराव्या शतकाच्या आरंभी या स्मृतीवर विज्ञानेश्वराने मिताक्षरा ही टीका लिहिली. तो सहाव्या विक्रमादित्याच्या कल्याणी नगरीतला. आजचे बसवकल्याण ते हेच, मराठवाड्याच्या सीमेलगतचे. मराठवाड्याचा बराचसा भाग त्या काळी चालुक्यांच्याच अमलाखाली होता. विज्ञानेश्वराला वीस वर्षांचे वचन जसेच्या तसे पचले नाही. केवळ वापर झाला म्हणून दुसऱ्याची जमीन कशी जाईल? म्हणून त्याने अर्थ लावला की हानी जमिनीची नव्हे, तेवढ्या काळातील फळाची. भोगवट्याच्या मुळाशी आगम हवा. आगम म्हणजे हक्काचा उगम : खरेदी, दान, वारसा यांसारखे काहीतरी. माणसाच्या स्मरणात असलेल्या काळाबद्दल, आणि हा काळ त्याने शंभर वर्षांचा मानला, आगम दाखवावाच लागेल. स्मरणापलीकडचा अखंड भोग असेल तरच आगम गृहीत धरता येईल. नारदस्मृती याहून कडक आहे. आगमाविना भोग घेणाऱ्याने तो शेकडो वर्षे घेतला तरी राजाने त्याला चोराचा दंड द्यावा, असे ती म्हणते.

कोड रेडची ओळ म्हणजे आगमाविना भुक्ती. वहीत ती शेकडो वेळा आहे, पण हक्काचा उगम कुठेच नाही. बाधा न होणाऱ्या सर्व्हरने तिला निदान नकाराचा क्रमांक दिला होता, म्हणून ती गाळता तरी येते. यशस्वी हल्ल्याच्या नोंदीपुढे मात्र ‘२००’ हाच आकडा असतो. सर्व ठीक असल्याचा. शिकण्याच्या काळात घुसखोर आधीच घरात असेल, तर यंत्र त्याच्या पायवाटेला राजरस्ता ठरवते. चलाख घुसखोर तर मुद्दाम हळूहळू, रोज थोडे थोडे येत राहून वहिवाट निर्माण करू शकतो. यावर उपाय म्हणून विनंत्यांची संख्या मोजण्याऐवजी किती वेगवेगळ्या यंत्रांकडून त्या आल्या हे मोजतात. एकट्या साक्षीदाराच्या शंभर जबाबांपेक्षा दहा शेजाऱ्यांचा एकेक जबाब भारी, हे कोणत्याही पंचाला ठाऊक असते. मात्र जगभर पसरलेल्या किड्यापुढे हा उपायही लंगडा पडतो, कारण त्याचे ‘शेजारी’ लाखोंनी असतात.

१८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याने वाटेच्या हक्कासाठी वीस वर्षांचीच मुदत घातली, आणि वापर कसा हवा हेही सांगितले : शांततेने, उघडपणे, हक्क म्हणून आणि खंड न पडता. एनसीएसएच्या सात रकान्यांत ‘हक्क म्हणून’ हा रकाना नाही. तसा तो असूही शकत नव्हता. त्याहून व्यावहारिक उणीव अशी की पोस्ट पद्धतीने पाठवलेल्या अर्जातील मजकूर या वहीत मुळी उतरतच नाही. कोणी अर्ज दिला एवढे कळते, अर्जात काय लिहिले होते ते नाही. २००२ मध्ये इव्हान रिस्टिच यांनी अपाचीसाठी मॉडसिक्युरिटी आणली. विनंतीचा आतला मजकूरही तपासून नोंदवणाऱ्या अशा साधनांची गरज त्या रिकाम्या जागेतूनही उभी राहिली.

आता उलट बाजू, आणि परभणीसारख्या जिल्ह्याला झोंबणारी बाजू तीच आहे. याज्ञवल्क्याने असेही म्हटले आहे की ज्या आगमामागे थोडीसुद्धा भुक्ती नाही, त्याला बळ नाही. यंत्राने हे वचन शब्दशः पाळले तर क्वचित येणाऱ्याचा हक्क बुडतो. भारतात सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक झाले. शेतीचे वर्ष मात्र १८० दिवसांत मावत नाही. कापूस, सोयाबीन, तूर खरिपात, ज्वारी आणि हरभरा रब्बीत. खरीप पीकविम्याची धांदल जून-जुलैची. नोव्हेंबर ते एप्रिल या काळातील वहीवरून बनवलेल्या यादीत त्या धांदलीचा मागमूस नसेल. पहिला पाऊस पडल्यावर जे पान जिल्हाभर उघडले जाणार, ते यादीत नाही म्हणून बंद. वहिवाट बारमाही की हंगामी, हा तहसीलदारांचा प्रश्न इथे अगदी तसाच लागू पडतो. तो विचारायला मात्र कोणी बसलेले नसते.

भाषेचा अडसर आणखी सूक्ष्म आहे. वेबच्या पत्त्यात देवनागरी अक्षर सरळ जात नाही. यूटीएफ-८ या लेखनसंकेतात प्रत्येक देवनागरी चिन्हाचे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्केचिन्ह व दोन अक्षरे अशा तीन चिन्हांनी लिहिला जातो. ‘परभणी’ या शब्दात पाच चिन्हे आहेत : प, र, भ, ण आणि दीर्घ ईची वेलांटी. सर्व्हरच्या दारात त्यांची पंचेचाळीस होतात. ‘गंगाखेड’ची त्रेसष्ट. रोमन लिपीत हेच परभणी आठ अक्षरांत संपते. बहुतांश रोमन विनंत्यांवर शिकलेल्या यंत्राला पंचेचाळीस चिन्हांचा टक्क्यांनी भरलेला शब्द परका वाटतो, आणि त्याला इतिहासही साक्ष देतो. सप्टेंबर २००१ मधील निमडा हा किडा याच टक्केचिन्हांच्या आडून निषिद्ध मार्ग लपवून आत शिरत असे. घुसखोर आणि मराठीत शोध घेणारा विद्यार्थी वहीत एकाच वेशात उभे राहतात. आधी विनंतीचे मूळ लिपीत रूपांतर करायचे आणि मगच नियम लावायचा, हा उपाय कठीण नाही. तो करण्याचे सुचायला मात्र नियम लिहिणाऱ्याला अशी विनंती येऊ शकते हे ठाऊक असावे लागते.

या साऱ्या अनुभवातून पद्धत सावध होत गेली. २०११ मध्ये फ्रान्समधून आलेल्या नॅक्सी या एनजिनएक्स सर्व्हरसाठीच्या साधनात शिकण्याची अवस्थाच वेगळी ठेवली होती. त्या काळात ते कोणाला अडवत नाही. अडवले असते अशांची फक्त नोंद करते आणि त्या नोंदीवरून सवलतीचे नियम सुचवते. लिनक्सवरील एसई-लिनक्स व्यवस्थेत ऑडिट-टू-अलाऊ हे साधन नाकारलेल्या कृतींच्या नोंदी वाचून परवानगीचे नियम लिहून देते. ते डोळे मिटून चालवले तर जे जे नाकारले गेले ते ते सारे मोकळे होते. सुचवणे यंत्राचे आणि मान्य करणे माणसाचे, ही विभागणी अशा साधनांत गृहीत असते. कामाच्या रेट्यात ती पुष्कळदा पाळली जात नाही.

दुसरा बदल महत्त्वाचा आहे. २०११ च्याच सुमारास स्वॅगर नावाची मांडणी पुढे आली. पुढे तिचे ओपनएपीआय झाले. सेवेत कोणते मार्ग आहेत, कोणत्या रकान्यात काय चालते, हे ती बनवणाऱ्यानेच लिहून द्यायचे. हा झाला आगम. त्याच्या शेजारी ॲक्सेस लॉग, म्हणजे भुक्ती, ठेवली की तपास सोपा होतो. दोन्हींत आहे ते निर्धास्त सोडावे. वहीत आहे पण आराखड्यात नाही, त्याची चौकशी करावी. कधी तो विसरलेला जुना दरवाजा निघतो, कधी चोराने पाडलेले भगदाड.

उरले ते आराखड्यात असलेले आणि वहीत कधीच न आलेले. शेतवाटेच्या कायद्यात याचे उत्तर सापडते. १९०६ चा मामलतदार न्यायालय अधिनियम वापरातल्या वाटेचे रक्षण करतो. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाद मागायची आणि वहिवाट सिद्ध करायची. पण ज्या शेताला वाटच नाही, त्याच्या खातेदाराने कोणती वहिवाट सिद्ध करावी? त्याच्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये कलम १४३ आहे. त्यानुसार तहसीलदार आधी किती जण गेले हे मोजत बसत नाहीत. शेतात जाण्याची वाजवी गरज पाहतात आणि शेजारच्या बांधावरून वाट देतात. त्या बांधावर तोवर कोणाची गाडी गेलेली नसते.